आरे-वाऱ्याच्या सड्यावरचे पाणभुंगेरे

१३ ऑक्टोबर १९३२. सकाळी पहिलं काम बाटल्या धुण्याचं. औषधाच्या रिकाम्या बाटल्या राखेनं घासल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या आणि गच्चीवर उपड्या घातल्या. मग चहाच्या गाळण्याला वेताची काठी बांधून हातजाळं केलं, मलमलीचे चौकोन कापले आणि स्पिरिटची मोठी बाटली जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेच्या मध्यभागी ठेवली. शाळेला सहामाहीची सुट्टी लागली होती. पुण्यात शेजारच्या घरांतून चकलीच्या भाजणीचे वास सुटले होते आणि मी रत्नागिरीला किडे धरायला निघाले होते. यजमान पोस्टात असतात. त्यांनी एवढंच सांगितलं, की किडे मिळोत न मिळोत, आंबापोळी विसरू नको.

हा उद्योग कसा लागला ते आधी सांगते. मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते, आणि फावल्या वेळात कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना किड्यांची चित्रं काढून देते. किड्याचं चित्र काढायला कल्पना लागत नाही. भिंग लागतं आणि मुकाट्यानं बसता यावं लागतं. मला दोन्ही जमतं. गेल्या वर्षी प्राध्यापकांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं, तो रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर आहे, रत्नागिरीच्या उत्तरेला आरे-वाऱ्याच्या वरच्या सड्यावरून (सडा म्हणजे डोंगरमाथ्याचं जांभ्या दगडाचं सपाट रान) थोडे पाणभुंगेरे पाठवले. चिंचोक्याएवढे किडे. त्यांत दोन तऱ्हा निघाल्या. एक गुळगुळीत, शाळिग्रामासारखी काळी पाठ, कडेनं पिवळी रेघ. दुसरी तेवढीच, रेघही तशीच, पण पाठ खरबरीत, सुईनं कोणी उभे ओरखडे काढल्यासारखी. दोन्ही तऱ्हा प्राध्यापकांच्या कोणत्याच पुस्तकात नव्हत्या.

म्हणजे दोन नव्या जाती? इथेच घोडं अडलं. पाणभुंगेऱ्याच्या नराला पुढच्या पायांवर वाटीसारख्या चकत्या असतात, मादीला त्या नसतात. आलेले गुळगुळीत सगळे नर होते. खरबरीत एकच होता आणि टपालात त्याचे पुढचे पाय मोडून पडले होते, म्हणून तो नर की मादी ते कळायला मार्ग नव्हता. प्राध्यापक म्हणाले, विलायतेत मोठमोठ्या पंडितांनी किड्यांच्या नवऱ्याला एक नाव आणि बायकोला दुसरं देऊन दोन जाती छापल्या, आणि मागाहून शब्द गिळले. त्यांना तसं हसं नको होतं. खरबरीत नर मिळाला किंवा गुळगुळीत मादी मिळाली, तर जाती दोन. दोहोंपैकी काहीच मिळालं नाही, तर एकाच घरची दोन माणसं.

गुळगुळीतला छपाईचा खर्च देणाऱ्या संस्थानिकांचं नाव ठरलं होतं. खरबरीतला प्राध्यापक माझं नाव देणार होते. किड्याला आपलं नाव, याचं मला आधी हसूच आलं. मग त्यांनी विचारलं, कोणतं नाव घालू? तेव्हा माझ्या तोंडून आलं ते माहेरचं. द्वारका. लॅटिनच्या रीतीनं त्याला शेपूट लागून ते 'द्वारकी' होणार होतं. माझ्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'लक्ष्मी' लिहिलं गेलं, आणि ते तांदूळ संध्याकाळी कोणीतरी भातात घातले असणार. तेव्हापासून मी लक्ष्मी. द्वारका म्हणून हाक मारणारी आई आणि थोरला भाऊ, दोघंही इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली. ते नाव पुस्तकाच्या एका ओळीत, किड्याच्या पाठीवर का होईना, राहिलं तर बरं, असं मला वाटलं. वाटलं ते लिहून टाकते आणि पुढे जाते.

मुंबईच्या धक्क्यावरून बोट सकाळी सुटली. बायकांच्या बाजूला मी ट्रंकेवर बसले होते. दुपारपर्यंत किनारा नीट दिसत होता, माड, देवळाचं शिखर, वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या. मग हळूहळू समुद्राला आणि आभाळाला एकच रंग आला, दुधात राख कालवावी तसा, आणि बोट कशावरून चालली आहे ते कळेना. डोंगर पाण्यापासून सुटून वर लोंबकळल्यासारखे दिसायला लागले. एक शिडाचं गलबत आमच्या शेजारून गेलं तेव्हा त्याचा आवाजच आला नाही. मला बोट लागत नाही आणि दिवसा झोपायची सवय नाही, तरी ते तास मी जागी होते असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

शेजारी हलिमाबी नावाच्या बाई होत्या, साधारण माझ्याच वयाच्या. त्यांचे मालक नाखवा (गलबताचे कप्तान), इराकातल्या बसऱ्यापर्यंत जाऊन येणारे. लेकीचं बाळंतपण उरकून त्या मुंबईहून परत चालल्या होत्या. मांडीवर काचेची मोठी झाकणाची बरणी होती, आत बिस्किटं. ती बरणी त्यांनी दिवसभर खाली ठेवली नाही.

रत्नागिरीला बोट बंदराला लागत नाही. दूर उभी राहते आणि माणसं पडावात (मोठ्या उघड्या होडीत) उतरतात. खलाशानं मला दंडाला धरून उतरवलं आणि ट्रंक वरून सोडली. ट्रंक पडावात आली ती कोपऱ्यावर. आतून एकच आवाज आला, आणि मग वास. सगळ्या पडावानं माझ्याकडे वळून पाहिलं. डोईवर पदर घेतलेली, चष्मेवाली, मास्तरीण दिसणारी बाई, आणि ट्रंकेतून दारूचा घमघमाट.

हलिमाबी हळूच म्हणाल्या, "काय वो बाय, माल घेऊन चाललाव काय?"

मी म्हटलं, किडे बुडवून ठेवायचं स्पिरिट आहे.

"मग येवढं कशाला आणलंत? आमच्या हितं किडे फुकट बुडतात."

पडाव हसला. मीही हसले, दुसरं काय करणार? मधल्या सगळ्या साड्या भिजल्या होत्या. धुतलेल्या बाटल्या मात्र एकजात शाबूत.

रात्री बंदराजवळ शाळेतल्या एका शिक्षिकेच्या नातेवाइकांकडे उतरले. सकाळी औषधाच्या दुकानात स्पिरिट मागितलं, तर दुकानदारानं परवाना मागितला. परवाना आणायचा तर कचेरीत अर्ज, आणि अर्ज केला तरी साहेब दौऱ्यावर. तेव्हा स्पिरिटचा नाद सोडला. किडे जिवंत ठेवायचे असं ठरवून टाकलं आणि मिरकरवाड्याकडून बैलगाडी केली. मासळीचा लिलाव नुकता संपला होता. ओल्या वाळूवर खवले चमकत होते आणि बायका टोपल्या डोक्यावर घेऊन अशा चालल्या होत्या की मान जराही हलत नव्हती. हलिमाबींना खाडीपलीकडे जायचं होतं, त्या माझ्याच गाडीत बसल्या. खाडी तरीतून ओलांडली (तर म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी). पाणी इतकं निवांत होतं की तरवाल्याची काठी आत जाताना पाण्यातली दुसरी काठी तिला भेटायला वर येत होती.

हलिमाबींचं घर खाडीकाठी. माझा मुक्काम वर, सड्याच्या कुशीतल्या गावात, त्याच शिक्षिकेच्या मथुमावशींकडे. मावशी साठीच्या, काटक आणि अखंड बोलणाऱ्या. मी ट्रंक पडवीत ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, "अगो, किडे कोणी मुद्दाम धरतं का? आम्ही जन्मभर काढून टाकतोय." मग घावन आणि गूळ घातलेला नारळाचा रस पुढ्यात आला. त्यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी सड्यावर. पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढून वर आलं की झाडं एकदम संपतात. समोर काळसर तांबडा कातळ, वाळायला लागलेलं सोनेरी गवत, आणि त्याच्या पलीकडे समुद्र, पण समुद्र खाली न दिसता समोर उभा असल्यासारखा दिसतो. पावसाळ्यातली डबकी अजून भरलेली होती, चहाच्या रंगाच्या पाण्याची. काठाला सीतेच्या आसवांची उरलीसुरली निळी फुलं. डबक्याशी उकिडवं बसलं की आभाळ पायाशी येतं, आणि थोड्या वेळानं खाली काय आणि वर काय याचा हिशेब राहत नाही. ढगातून एक किडा वर यायचा, शेपटीकडून पाण्याबाहेर जरा डोकवायचा, पंखांखाली हवेचा पाऱ्यासारखा थेंब घ्यायचा आणि पुन्हा ढगात बुडी मारायचा.

पण ते आमचे नव्हते. पाण्यावर गिरक्या घेणारे भिरभिरे मिळाले, तिळाएवढे मिळाले, पाण्यातले ढेकूण मिळाले, एकानं बोटाला कडकडून चावाही घेतला. पिवळ्या रेघेचा एकही नाही. ओव्हरसियरनं कोणत्या डबक्यातून धरले ते लिहिलं नव्हतं, आणि त्याची बदली झाली होती. गुडघे दुखायला लागले. उन्हानं डबकी रोज आत आत सरकत होती.

मग सड्याच्या उत्तर टोकाला एक तळं दिसलं. कातळात कोरून काढलेलं, चौकोनी, चार पायऱ्या उतरून जायचं. काठावर शेंदूर लावलेला दगड आणि एक वाळका हार. मी वरच्या पायरीवर बसले. पाणी खोल आणि काळंभोर होतं. त्यातून एक चिंचोका वर आला. कडेला पिवळी रेघ, पाठ गुळगुळीत. तो गेला आणि दुसरा आला. त्याच्यावर ऊन पडलं, तरी पाठ चमकली नाही.

मी जाळं उचललं.

"वो बाय, हात नका घालू."

मागे भाताचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई उभी होती. भाऱ्याखाली तिचा चेहरा जेमतेम दिसत होता. देवीचं तळं आहे, ती म्हणाली, यातला मासासुद्धा कोणी धरत नाही. मी सांगितलं, मासा नको, किडा हवा.

"शेरात किडे नाय गावत काय?" एवढं विचारून ती निघाली, आणि दहा पावलांवरून पुन्हा वळून म्हणाली, की गावकरांना विचारा, ते गाऱ्हाणं घालतील.

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे माणसाच्या वतीनं उभं राहून मोठ्यानं घातलेली विनंती. कोकणात याच्याशिवाय पान हलत नाही. मानकरी सखाराम गावकर संध्याकाळी मावशींच्या अंगणात आले. बिनदाताचे, खांद्यावर घोंगडी. मी त्यांना माझं काम सांगितलं, दोन तऱ्हांचा घोळही सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, मारणार काय? मी म्हटलं, पुढे कधीतरी प्राध्यापक मारतील, नाहीतर पायांची तपासणी होत नाही. ते म्हणाले, पुढचं पुढे, पण तळ्यावर मारायचा नाही. जिता न्यायचा. स्पिरिट साड्यांत जिरलेलं असल्यामुळे ही अट मी ताबडतोब मान्य केली. सकाळी नारळ आणि विडा घेऊन यायला त्यांनी सांगितलं.

सकाळी तळ्यावर धुकं होतं. गावकर, त्यांचे दोघे भाऊबंद, कापणी सोडून आलेला एक शेतकरी, आणि कालची ती भारेवाली, आज रिकाम्या डोक्यानं, मजा बघायला. दगडापुढे विडा ठेवून गावकर माझ्याकडे वळले.

"नाव काय घालू?"

"लक्ष्मीबाई."

"तां सासरचं ना? तां नको."

मी विचारलं, का नको?

"सुनेचा मान घरच्या देवाजवळ. हिच्या पाण्यावर येतात त्या समद्या लेकी. आयेला लेकीचं पाळण्यातलं नाव लागतं."

मी म्हटलं, द्वारका.

गावकरांनी डोळे मिटले. त्यांचा आवाज एकदम दुसऱ्याच माणसाचा झाला, मोठा आणि सपाट.

"बा आये, तळ्याचे मालकिणी, आज ही तुझी लेक द्वारका घाटावरनं तुझ्या पाण्यात हात घालायला आलीय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाकीचे एका सुरात म्हणाले.

"तिच्या कामात जां खरं असंल तां तिला दिसू दे, खोटं असंल तां दूर कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तिनं तुझ्या जिवांना हकनाक दुखवलान तर तिला समज दे, नाय दुखवलान तर तिची राखण कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

नारळ फुटला. मी देवभोळी नाही. पण चौदा वर्षांत कोणी न उच्चारलेलं नाव मोकळ्या सड्यावर चार अनोळखी माणसांनी होकारानं उचलून धरलं, तेव्हा मी बराच वेळ जाळ्याची गाठ सोडून पुन्हा बांधत बसले, हे खरं आहे.

किडे धरायला मग फार वेळ लागला नाही. प्रश्न होता ठेवायचे कशात. माझ्या बाटल्या मेलेल्या किड्यांसाठी, जिवंतांना त्यात श्वास घेता येईना. मावशींकडे सगळी भांडी पितळेची, त्यातून आतलं दिसत नाही. मी पाखाडी उतरून खाडीकाठी गेले आणि हलिमाबींकडे ती बरणी मागितली. बिस्किटं संपली होती, आता तीत बसऱ्याचा खजूर होता. त्यांनी खजूर परातीत ओतला आणि बरणी पदरानं पुसून माझ्या हातात दिली.

"फुटली तर फुटली. पण परत देताना आत काय होतं तां आमच्या घरात कोणाला सांगू नका. खजूर कोण खाणार नाय."

ही बरणी मावशींच्या घरात पडवीपर्यंतच आली. मुसलमान घरची, म्हणून त्यापुढे तिला मज्जाव होता. मी वाद घातला नाही, कारण पडवीतच उजेड चांगला होता. तळ्याचं पाणी, थोडं शेवाळ, खाऊ म्हणून बेडकांची पिल्लं, वर मलमल. पुढचे दिवस मी त्या बरणीसमोर काढले. सकाळी तळ्यावर जायचं, जाळ्यात येईल तो भिंगाखाली घ्यायचा, पुढचे पाय पाहायचे, सोडून द्यायचा. गुळगुळीत, चकती आहे. गुळगुळीत, चकती आहे. खरबरीत, चकती नाही. पुन्हा खरबरीत, पुन्हा नाही. प्रत्येक वेळी खरबरीत पाठ हाताला लागली की मी जरा थांबून मग पाय पाहायची. उगाच, कारण थांबल्यानं पाय बदलत नाहीत.

दुपारी कुळथाचं पिठलं आणि भात जेवून पडवीत बसले की सगळं घर पेंगत असे. उन्हाचा एक पट्टा बरणीतून आरपार जाऊन शेणानं सारवलेल्या जमिनीवर हिरवा पडायचा, आणि त्या हिरव्यात किड्यांच्या सावल्या, किड्यांपेक्षा मोठ्या, सावकाश पोहायच्या. कुठेतरी रहाटाचा आवाज. मी सावल्या बघत बसायची. सावलीत पाठ गुळगुळीत की खरबरीत ते दिसत नाही.

अशाच एका दुपारी दोन सावल्यांची एक झाली. मी बरणीकडे वळले. गुळगुळीत खरबरीतच्या पाठीवर होता. पुढच्या पायांच्या वाट्या त्यानं तिच्या पाठीला लावल्या होत्या, आणि तिच्या त्या ओरखड्यांवर त्या धड चिकटत नव्हत्या. सुटायच्या, तो पुन्हा लावायचा. ती त्याला घेऊन खाली जात होती, शेवाळात शिरत होती, उलटी होत होती. हवा घ्यायला वर यायचं तेही तिच्याच मर्जीनं.

मावशी ताकाचा पेला घेऊन आल्या आणि माझ्या खांद्यावरून वाकल्या.

"अगो, संसार आहे तो. बघत काय बसलीस?" म्हणाल्या. मग जरा वेळ त्याही बघत राहिल्या. "ओझं मात्र तिच्याच पाठीवर."

जनावरं कधी परक्या जातीशीही लागतात, म्हणून एवढ्यावर निकाल द्यायचा नाही हे मला माहीत होतं. मला तो द्यायचाही नव्हता. दुसऱ्या दिवशी मी उजाडता तळ्यावर गेले आणि अंधारेपर्यंत तिथेच राहिले. तळ्याचा एकेक कोपरा धुंडाळला. भारेवाली येता-जाता विचारायची, "गावला काय?" आणि मी मान हलवायची. सूर्य समुद्राला टेकला तेव्हा सगळं पाणी तांब्याचं झालं, आणि मी पायरीवर बसून जाळं पिळलं. गुळगुळीत एकूण एक नर, खरबरीत एकूण एक मादी. गावकरांनी मागितलं तसंच झालं होतं. खरं होतं ते दिसलं. जात एक होती.

म्हणजे नावही एकच, संस्थानिकांचं.

परत येताना वाटेत मनात आलं, की प्राध्यापकांना अजून काही कळवलेलं नाही. 'शोधलं, पण निश्चित सांगता येत नाही' असं म्हटलं असतं तरी कोणी खोटं ठरवलं नसतं. तळं पुण्यापासून लांब होतं. पण खोटं चित्र काढायचा मला कंटाळा आहे. एकदा पायाला नसलेली चकती काढली, की पुढच्या प्रत्येक पायाकडे तिरक्या नजरेनं बघावं लागतं.

दुसऱ्या दिवशी दोन जोड्या ठेवून बाकीचे तळ्यात सोडले. जोड्या ओल्या शेवाळात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात घातल्या. झाकणाला भोकं पाडली. असे ते चार दिवस सहज राहतात. बरणी चुलीतल्या राखेनं घासून हलिमाबींना नेऊन दिली. त्यांनी किड्यांचं काय ठरलं ते विचारलं. नवरा-बायको निघाले, एवढंच मी सांगितलं.

"मग तुमचं काम झालं ना?"

"झालं," मी म्हटलं. ते खरंच होतं.

त्यांनी मला सुकवलेल्या आमसुलांची पुरचुंडी दिली आणि पुढच्या खेपेला दारू जपून आणायला सांगितलं. आंबापोळी मथुमावशींनी दिली, केळीच्या पानात बांधून.

परतीला बोट नको म्हणून कोल्हापूरची सर्व्हिस मोटार धरली. आंबा घाटात मोटार ढगात शिरली. ड्रायव्हर कर्णा वाजवत होता आणि तो आवाज ढगातच विरत होता. दरी, झाडं, पुढचा रस्ता, काही दिसेना. फक्त मांडीवरच्या डब्यात बारीक खरखर, चोवीस पायांची. तेवढाच काय तो पुरावा, की आपण कुठूनतरी निघालो आहोत आणि कुठेतरी पोचणार आहोत. घाट चढून ऊन लागलं तसं समोर देश पसरला, रुंद, कोरडा, ओळखीचा.

पुण्याला उतरले तशीच प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी डबा उघडला, भिंग लावलं आणि एकेकाचे पुढचे पाय तपासले. मी तळ्यावर पाहिलेलं सगळं सांगितलं, बरणीतलंही सांगितलं.

"बाई," ते अखेर म्हणाले, "तुम्ही नुसते नर आणले असते तर माझ्या दोन जाती राहिल्या असत्या."

"तुम्ही मला नुसते नर आणायला सांगितलं नव्हतं."

ते हसले, पण कष्टानं. दोन जातींचा निबंध आता एका जातीचा होणार होता. मग त्यांनी विचारलं, नाव कोणतं ठेवायचं? छापलेलं अजून काहीच नाही, तेव्हा संस्थानिकांच्याऐवजी माझंही ठेवता येईल. त्यांनी हे मनापासून विचारलं, म्हणून मीही मनापासून उत्तर दिलं. छपाई संस्थानिकांच्या खर्चानं व्हायची आहे, शब्द दिलेला आहे, तो ठेवा.

प्राध्यापक खिडकीपाशी गेले आणि तिथूनच म्हणाले, "मग चित्राखाली तरी तुमचं नाव घालू. आजवर घातलं नाही, ते चुकलंच. शाळेत आहे तेच ना? सौभाग्यवती लक्ष्मीबाई?"

मी म्हटलं, उद्या चित्राबरोबर कळवते.

घरी यजमानांनी आंबापोळी हातात घेतली, वास घेतला आणि प्रवास चांगला झाला असणार असं ठरवून टाकलं. डोळे मिटले की ते तळं दिसतं, काळंभोर, आणि धुक्यात ती माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्या पाण्याला मी जे नाव सांगितलं ते त्याच्याजवळ आहेच. पुस्तकात एक ओळ कमी झाली म्हणून ते तिथून कोणी खोडून काढलेलं नाही. प्रवासाचा नफा मांडायचा तर मला हाच मांडता येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून आधी भाजणी दळायला पाठवली. मग गुळगुळीत आणि खरबरीत यांची आधीची दोन वेगवेगळी चित्रं बाजूला ठेवून एकच मोठा कागद पाटावर ताणला. मादी आधी काढली, कारण तिच्या पाठीवरचे ओरखडे एकेक करून काढावे लागतात. नर शेजारी काढला. ऊन खिडकीत आलं तेव्हा दोघं पुरी झाली होती. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात 'द्वारका' लिहिलं, त्यावरून शाईचा टाक फिरवला, आणि ते वाळेपर्यंत चकलीचं पीठ भिजवायला घेतलं.